शब्द कळेनासे झाले की प्रेक्षक हात बघू लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डोंबिवलीचे. सात वर्षं मराठीतून वाढदिवस, बारशी, गणेशोत्सवाचे कार्यक्रम करताय. आता ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीच्या ‘फॅमिली डे’साठी पाऊण तासाचा प्रयोग मिळालाय आणि हातात तीन आठवडे आहेत. प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त दाक्षिणात्य, काही बंगाली, शिवाय कोरियाहून आलेले चार-पाच पाहुणे. तुमचं इंग्रजी बेताचं. सगळा पॅटर, म्हणजे प्रयोग करताना चाललेलं बोलणं, इंग्रजीत पाठ करू, की संगीत लावून मूक प्रयोग करू, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नको. मी ठाण्यात चरईत राहते, बावीस वर्षं जादूचे प्रयोग करते आणि त्यातले निम्मेअधिक ट्रान्स-हार्बर लोकलनं बॅगा ओढत नेऊन नवी मुंबईत केलेत. सुरुवातीला मीही भाषेचा प्रश्न शब्दकोशानं सुटेल असं समजत होते. नेरूळच्या एका सोसायटीत दणका बसला तेव्हा खरी अडचण कळली.

तिथे मी दोरीचा प्रयोग करत होते. मराठी प्रेक्षकांसमोर त्यात माझा सासूबाईंवरचा एक विनोद असायचा. लोक हसतात, माझ्या तोंडाकडे बघतात, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन जातं. त्या दिवशी समोर बहुतेक तमिळ आणि मल्याळी कुटुंबं होती. मी विनोद सांगितला आणि कुणीच हसलं नाही. एवढ्यानं बिघडलं नसतं, पण मला पुढे काय सांगायचंय ते कळत नसल्यामुळे साठ-सत्तर माणसं माझ्या उजव्या हाताकडे टक लावून बघत होती. माणसाला शब्द कळेनासे झाले की तो ऐकणं सोडतो आणि बघणं दुप्पट करतो. बहिऱ्या आजोबांच्या नजरेतून घरात काही सुटत नाही, तसंच. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं काय झालं ते शेजारणीला बोटानं दाखवलंसुद्धा.

म्हणजे तुमच्या पॅटरमधला अर्धा भाग प्रेक्षकांना माहिती देत नसतोच. तो त्यांची नजर वर उचलतो, त्यांना दोन सेकंद सैल सोडतो. ‘नाव काय तुझं? कितवीत आहेस?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याला कुठे हवं असतं? प्रश्न कळला नाही तर नजर उचलली जात नाही. इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य अडखळत म्हटलंत, तर तुमचं लक्ष व्याकरणात अडकेल, त्यांचं तुमच्या हातात. नुकसान दोन्हीकडून.

म्हणून पहिलं काम असं करा. कागद घ्या, तुमच्या नेहमीच्या प्रयोगातलं एकेक वाक्य लिहा आणि प्रत्येकापुढे ते कशासाठी आहे ते लिहा. माहिती देणारी वाक्यं वस्तू दाखवून भागवता येतात. निव्वळ हशासाठी असलेली वाक्यं खुशाल गाळा. नजर उचलणाऱ्या वाक्यांच्या जागी मात्र कृतीच बसवावी लागते. माझ्या दोरीच्या प्रयोगात आता विनोद नाही. दोन मुलांना दोरीची दोन टोकं देते आणि ओढा म्हणून खूण करते. रस्सीखेच कुठल्याही भाषेत रस्सीखेचच असते. एक पडायच्या बेतात येतो, सगळे त्याच्याकडे बघतात, हसतात, आणि मला हवे ते दोन सेकंद मिळतात. कसे वापरते ते इथे उघड्यावर लिहीत नाही, तुम्हाला कळेलच.

दुसरी खात्रीची जागा म्हणजे टाळ्या. टाळ्या वाजवताना माणूस बघत नाही, बघितलेलं गिळत असतो. तेव्हा मोठ्या चमत्काराच्या आधी एक लहानसा चमत्कार ठेवा, एक पाऊल पुढे या, एका माणसाच्या डोळ्यांत बघून मान झुकवा. तुम्ही जिकडे बघाल तिकडे लोक बघतात, याला भाषा लागत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. आयोजकांना आजच फोन करून विचारा की फक्त कर्मचारी येणार आहेत की कुटुंबंही. ‘फॅमिली डे’ म्हणजे बहुधा कुटुंबं. तसं असेल तर कोरियन पाहुण्यांची काळजी सोडा. ते पाहुणे म्हणून आलेले असतात आणि शेजारी बसलेला कुणीतरी त्यांना सांगत असतो. तुमचा खरा अवघड प्रेक्षक म्हणजे नातवासाठी गुंटूरहून आलेली आजी. तिला मराठी, हिंदी, इंग्रजी काहीच येत नाही, आणि ती नेमकी पुढच्या रांगेत असते. कर्मचारी तरुण मंडळी असतील तर ऑफिसात वर्षभर जी हिंदी-इंग्रजीची खिचडी चालते ती तुम्हालाही चालेल. आणखी दोन गोष्टी विचारा, जागा कुठली आणि माइक कुठला. कँटीनमध्ये प्रयोग असेल आणि मागे जेवणाचे काउंटर चालू असतील, तर मराठी माणसांनाही तुमची मराठी कळणार नाही, आणि तुमचा भाषेचा प्रश्न आपोआप मिटला म्हणा. हातात धरायचा माइक देत असतील तर एक हात गेला. कॉलरचा मागा.

प्रयोग कुठले निवडायचे, यात सर्वांत जास्त वेळ घालवा. माझी कसोटी साधी आहे: आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे दोन चित्रांत सांगता आलं पाहिजे. फाटलेला पेपर, अखंड पेपर. रिकामा डबा, भरलेला डबा. सुट्या रिंगा, गुंतलेल्या रिंगा. १९५६ सालच्या एप्रिलमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात बंगाली जादूगार पी. सी. सरकारांनी एका मुलीला करवतीनं मधोमध कापलं आणि ती उठून उभी राहायच्या आत वेळ संपल्यामुळे कार्यक्रम आटोपला. खरंच खून झाला की काय, म्हणून लोकांनी बीबीसीला फोनवर फोन केले. करवत आणि निपचित पडलेली मुलगी एवढ्या चित्रानं इंग्रज घराघरांत हादरले, त्यात सरकारांच्या इंग्रजीचा काही संबंध नव्हता. आणि शेवट दिसलाच नाही तर काय होतं हेही त्यातून शिकण्यासारखं आहे. आपली घड्याळाची वेळ आयोजकांकडून लिहून घ्यावी.

या कसोटीला मनातलं ओळखणं, पुस्तकातला शब्द ओळखणं, नावातली अक्षरं मोजत पत्ते टाकणं हे सगळं नापास होतं. तुम्ही पाठवलेल्या यादीत पत्त्यांचे तीन प्रयोग दिसतात. त्यातला जास्तीत जास्त एक ठेवा. मागच्या रांगेला पत्ता दिसत नाही हे एक. दुसरं म्हणजे पत्त्यांच्या नावांचा घोळ. आपण इस्पिक, बदाम, किलवर, चौकट म्हणतो. हिंदीत बदामाला पान म्हणतात आणि इस्पिकला हुकुम. आपला हुकूम म्हणजे वरचढ रंग, तो कुठलाही असू शकतो. बंगालीत इश्काबोन, हॉरतोन, रुइतोन अशी डच वळणाची नावं आहेत. निवडलेला पत्ता तोंडानं वदवून घ्यायचा असेल तर हा सगळा बाजार आठवा. त्यापेक्षा पत्ता उंच धरून सगळ्यांना फिरवून दाखवायला सांगा.

नाण्यांचा प्रयोग मात्र जरूर घ्या. हवेतून नाणी काढून भांड्यात टाकायची हा जुना प्रयोग आहे, टी. नेल्सन डाऊन्स या अमेरिकन जादूगारानं तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यावरच नाव कमावलं. त्याची ताकद मला खारघरला कळली. तिथे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक केंद्र आहे, आणि उपचारांसाठी देशभरातून आलेली कुटुंबं आसपास राहतात. अशाच एका निवासात मुलांसाठी प्रयोग केला होता. मुलं बंगालची, आसामची, बिहारची, तोंडावर मास्क. हसताहेत की कंटाळलीत ते कळायला चेहराच नाही. संसर्ग नको म्हणून त्यांच्या हातात काही द्यायचं नाही असंही सांगितलं होतं. स्पंजचे चेंडू, म्हणजे माझं हुकमाचं पान, बॅगेतच राहिलं. मग मी घरचा पितळी डबा काढला आणि नाणं टाकलं. टण्. दुसरं टाकलं. टण्. तिसऱ्या नाण्याला मी हात वर नेऊन थांबले, तर एक पाचेक वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आबार!’ म्हणजे पुन्हा. त्यानंतर प्रत्येक नाण्याला सगळ्या खोलीनं ‘आबार’ म्हटलं, बिहारच्या मुलांनीसुद्धा. नाणं दिसतं, वाजतं, आणि पुढचं कधी येणार ते कळतं. भाषेनं जी लय बांधायची ती भांड्यानं बांधली. तेव्हापासून मी प्लॅस्टिकचं भांडं वापरत नाही आणि मऊ कापडाच्या टेबलावर वस्तू ठेवत नाही. आवाज व्हायलाच हवा.

पेपरच्या प्रयोगासाठी एक युक्ती सांगते. वाशी-नेरूळकडे मल्याळम आणि तमिळ पेपर मिळतात. तुमच्या मराठी पेपराऐवजी तो वापरा. फाडताना लोकांना ते फक्त कागद वाटतात, पण शेवटी अखंड पान उघडलं आणि त्यांच्या लिपीतला मथळा समोर आला की जो आवाज येतो तो वेगळाच असतो. फक्त पान उलटं धरू नका. मी धरलं होतं. सगळे हसले, मला वाटलं जादूला हसताहेत.

आता शब्दांविषयी. पूर्ण मूक राहू नका असं मी म्हणते, मग बोलायचं काय? मी मराठीतच बोलते. हो, न कळणाऱ्यांसमोरसुद्धा. आपल्या भाषेत आपला आवाज चढतो, उतरतो, लाडात येतो, दटावतो, आणि ते सगळं त्या आजीला कळतं. ‘अगं बाई! गेलं कुठे?’ याचा अर्थ तिला विचारा, बरोबर सांगेल. इंग्रजीत मी हेच म्हटलं तर बँकेतली बाई बोलल्यासारखं होतं. वाक्यं मात्र छोटी ठेवा, चार-पाच शब्दांची. अर्थ पोचायलाच हवा अशा जागी हिंदी किंवा इंग्रजीतला एकेक साधा शब्द टाका: ओपन, होल्ड, सिट, थँक यू.

हिंदीत एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलेय. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाकडे, हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामं. एका पोराच्या हातात मी डबा दिला होता आणि तो टेबलावर ठेव असं सांगायचं होतं. घाईत मी बोलून गेले, ‘डब्बा खाली करो.’ त्या गुणी बाळानं आज्ञा पाळली. डबा उपडा केला आणि जे कधीच दिसायला नको होतं ते सगळं टेबलावर आलं. दोष त्याचा नव्हता. ‘नीचे रखो’ हे दोन शब्द आता माझ्या बॅगेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत.

आकड्यांचंही तसंच. कोपरखैरण्याला गणपतीत मी भाकिताची चिठ्ठी ठेवली होती. एका ताईंनी ‘फोर्टीन’ म्हटलं, मी ऐटीत चिठ्ठी उघडली. त्यावर ठळक अक्षरात १४. सभागृह गप्प. पुढे बसलेले एक तमिळ काका मान वाकडी करून म्हणाले, ‘नाइंटी-एट?’ आपला १ त्यांना इंग्रजी नऊ वाटला आणि आपला ४ इंग्रजी आठ. जे बसच्या पाटीवरचे आकडे वाचायला शिकलेत त्यांना अडचण नसते, पण नव्यानं आलेल्यांना असते. तेव्हापासून आकडे इंग्रजीत, जाड मार्करनं, वीतभर उंच. बोलतानाही दोन अंकी संख्या टाळते. उनसठ आणि उनहत्तर यात आपल्या मराठी माणसांचाही गोंधळ होतो, दक्षिणेतल्यांना कशाला छळायचं?

एवढी मराठी बोलूनही मी प्रत्येक वेळी प्रेक्षकांच्या भाषेतली एक गोष्ट शिकून जाते: एक-दोन-तीन. तमिळमध्ये ओन्नु, रेंडु, मूणु. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु. कोरियनमध्ये हाना, दुल, सेत. गुजरातीत एक, बे, त्रण. मंतराच्या जागी हे मोजा. पहिल्यांदा तुम्ही मोजा, दुसऱ्यांदा ते मोजतील, तिसऱ्यांदा तुमचा उच्चार सुधारतील, आणि तेव्हा प्रयोग तुमचा राहिलेला नसतो, त्यांचा झालेला असतो. पाच भाषांतले आकडे तोंडपाठ करायला एक लोकल प्रवास पुरतो. कुणाकडून तरी खात्री मात्र करून घ्या. कंपनीतल्याच कुणाला फोनवर म्हणायला लावा.

व्हॉलंटियरबद्दल थोडं. सूचना देऊ नका, आधी स्वतः करून दाखवा. मूठ बंद करायची असेल तर तुम्ही तुमची बंद करा, उलटी करा, वर धरा, मग भुवया उंचावून त्याच्याकडे बघा. करतोच. दोनपेक्षा जास्त पायऱ्या असलेलं काम कुणालाही देऊ नका. दक्षिणेतली माणसं ‘हो’ म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलवतात. मी एकदा ‘पत्ता बघितला का?’ असं एका तेलुगू गृहस्थांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं. मला ते ‘नाही’ वाटलं. वस्तू देता-घेताना उजवा हात, आणि कोरियन पाहुण्यांना दोन्ही हातांनी, एवढं पाळा. डावा हात कामात गुंतलेला असतो ही आपली अडचण आहे, त्यांची नव्हे. माझ्या बाबतीत आणखी एक भानगड म्हणजे बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात. पुरुष जादूगारांच्या पुस्तकांतला निम्मा उपदेश कोटाच्या खिशांवर उभा असतो. मी शिंप्याकडून कुर्त्याला चार शिवून घेतले, त्यानं एकदाही कारण विचारलं नाही.

दुभाषा घ्यावा का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. पूर्ण प्रयोगाला नको. हशा दोन हप्त्यांत येतो, आधी कळलेल्यांचा, मग समजावलेल्यांचा, आणि मध्ये तुम्ही हातात रुमाल धरून उभे. एका प्रयोगापुरता घ्या आणि त्याचीच गंमत करा. पहिल्या दहा मिनिटांत शेजाऱ्यांना समजावून सांगणारा माणूस हेरून ठेवा. तो प्रत्येक रांगेत असतो.

मूक प्रयोगाचा मोह मी समजू शकते. जपानचे जादूगार शिमाडा किंवा २०१२ साली फिझमचा, म्हणजे जादूगारांच्या जागतिक स्पर्धेचा, ग्रँड प्री जिंकलेला कोरियाचा यू हो-जिन यांचे व्हिडिओ बघितले की वाटतं, शब्दांची गरजच काय? पण ती मोजकी मिनिटं वर्षानुवर्षं घोटलेली असतात. तीन आठवड्यांत पाऊण तास मूक उभं राहायचं ठरवलंत तर लोकांना दिसेल तो बोलायला घाबरणारा माणूस. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन जादूगार चुंग लिंग सू या चिनी नावानं वर्षानुवर्षं रंगमंचावर इंग्रजी न बोलता वावरला. १९१८ साली लंडनमध्ये गोळी झेलण्याच्या प्रयोगात बंदुकीतून खरंच गोळी सुटली, तेव्हा पडदा पाडा म्हणून तो पहिल्यांदा इंग्रजीत बोलला आणि दुसऱ्या दिवशी वारला. त्याची शांतता हे वर्षानुवर्षं घातलेलं सोंग होतं. आपल्याला ते झेपायचं नाही आणि गरजही नाही. संगीतावर एखादा सहा-सात मिनिटांचा तुकडा सुरुवातीला जरूर ठेवा. फोनवरून गाणं लावणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कर्जवाल्या बँकेचा फोन येतो.

तर तुमच्या पाऊण तासाचा माझा आराखडा असा: संगीतावर रुमाल आणि रिंगा, मग मोजणी शिकवत नाणी, दोन मुलांना घेऊन दोरी, त्यानंतर एकच बोलका प्रयोग, तो दुभाष्यासह, आणि शेवटी पेपर. मोजून पस्तीस मिनिटं भरेल. उरलेली दहा भरायची नाहीत, अशा प्रेक्षकांसमोर प्रत्येक गोष्टीला थोडा जास्त वेळ लागतो. आणि टाळ्या कमी आल्या म्हणून घाबरून वेग वाढवू नका. परदेशी पाहुणे काही वेळा अगदी शांत बसून बघतात, नंतर येऊन वाकून हात मिळवतात.

तालमीचं शेवटचं सांगते. पूर्ण प्रयोगाचा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याला जादूत रस नाही. माझी परीक्षक समोरच्या ब्लॉकमधल्या मल्याळी काकू आहेत. भाजी निवडता निवडता बघतात आणि काय झालं ते मोडक्या हिंदीत सांगतात. ‘दोरी काटा, फिर जोड दिया’ असं म्हणाल्या तर मी निश्चिंत. मागच्या महिन्यात नव्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, ‘तुम कुछ ढूँढ रहा था, मिला क्या?’ तो प्रयोग अजून बॅगेत आहे.